प्रकाश पडल्यावर गाठीच्या पेशीत आधी काय मोडते?

प्रश्न असा: फोटोडायनॅमिक थेरपीत, म्हणजे पीडीटीत, औषध एकटे फारसे काही करत नाही आणि लाल प्रकाशही एकटा काही करत नाही. मग दोन्ही एकत्र आले की कर्करोगाची पेशी मरते ती कशाने? पेशीच्या आतले कोणते भाग मोडतात, सगळ्या औषधांचे सारखेच होते का, आणि प्रयोगशाळेत ते दाखवायचे कसे?

थेट सांगायचे तर औषधाचा रेणू पेशीतल्या ज्या पटलात जाऊन बसला असेल ते पटल आधी मोडते. नियोजित मृत्यू, सूज येऊन फुटणे, रोगप्रतिकारशक्ती जागी होणे, हे सगळे त्या पहिल्या घावाचे पुढचे परिणाम आहेत. म्हणून ‘पीडीटी पेशी जाळते’ हे मोघम वाक्य मला पटत नाही. औषध कोणते, ते दिल्यावर किती तासांनी प्रकाश टाकला आणि तो किती वेगाने टाकला, हे कळल्याशिवाय काय मोडले ते सांगता येत नाही.

सगळ्याचे मूळ एका अंतरात आहे. औषधाच्या रेणूने फोटॉन शोषला की तो काही नॅनोसेकंद एका उत्तेजित अवस्थेत राहतो आणि तिथून ट्रिप्लेट नावाच्या, त्यापेक्षा बराच जास्त टिकणाऱ्या अवस्थेत उतरतो. साधा ऑक्सिजन मुळातच ट्रिप्लेट असल्यामुळे शेजारी आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूला ही ऊर्जा सहज देता येते. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो, आणि औषध पुन्हा मूळ स्थितीत येऊन पुढच्या फोटॉनसाठी मोकळे होते. पाण्यात सिंगलेट ऑक्सिजन साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकतो. पेशीत प्रथिनांची आणि मेदांची दाटी असल्यामुळे त्याहून कमी. तेवढ्या वेळात तो फार तर शंभरेक नॅनोमीटर सरकतो. पेशीचा व्यास दहा-वीस मायक्रोमीटर, म्हणजे दहा-वीस हजार नॅनोमीटर. मायटोकाँड्रियात जन्मलेला सिंगलेट ऑक्सिजन केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. लायसोसोमच्या, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीच्या, पटलात जन्मलेला सहसा शेजारच्या मायटोकाँड्रियाच्याही वाट्याला येत नाही.

ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होण्याचा दुसरा मार्गही आहे. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायड्रॉक्सिल मूलक (एकांडा इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून फार क्रियाशील रेणू) तयार होतात. ऑक्सिजन कमी असताना आणि काही विशिष्ट औषधांत या मार्गाचे वजन वाढते. रुग्णांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पॉर्फिरिनसदृश औषधांत मात्र मुख्य काम सिंगलेट ऑक्सिजनच करतो.

लाल प्रकाशच का, तेही इथेच सांगतो. ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन खाऊन टाकते. साधारण ८०० नॅनोमीटरच्या पुढच्या फोटॉनमध्ये सिंगलेट ऑक्सिजन बनवण्याइतकी ऊर्जा उरत नाही. त्याला प्रति मोल ९४ किलोजूल लागतात आणि वाटेतली गळती वेगळी. म्हणून औषधे ६३० ते ७६० या पट्ट्यात काम करतात. त्यातही ६३० नॅनोमीटरचा प्रकाश ऊतकात दोन-तीन मिलिमीटरवर बराच क्षीण होतो आणि परिणामकारक खोली पाच-दहा मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही.

आता मोडतोड रसायनाच्या पातळीवर पाहू. सिंगलेट ऑक्सिजनला दुहेरी बंध किंवा गंधकाचे अणू लागतात. पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांवर तो थेट जोडला जातो आणि मेदाचे हायड्रोपेरॉक्साइड बनते. प्रथिनांत हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, मेथिओनीन आणि सिस्टीन ही अमिनो आम्ले त्याच्या तावडीत सापडतात. जवळ लोह असेल तर मेदाच्या हायड्रोपेरॉक्साइडपासून मूलके तयार होतात आणि प्रकाश बंद केल्यावरही मेद खराब होण्याची साखळी चालू राहते. पहिला घाव कोणी घातला हे ओळखायची एक चांगली खूण कोलेस्टेरॉलमध्ये मिळते. पाचव्या कार्बनवरचे ५-अल्फा हायड्रोपेरॉक्साइड सिंगलेट ऑक्सिजनच बनवतो; मूलकांच्या साखळीतून सातव्या कार्बनवरची रूपे येतात. कोणता मार्ग चालला याबद्दल वाद झाला तर मला हा पुरावा चमकणाऱ्या रंगांच्या चाचण्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

औषध कुठे बसणार हे त्याच्या विद्युतभारावर आणि मेदात विरघळण्याच्या गुणावर ठरते. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलावर आतली बाजू ऋण असलेला दीडशे-एकशे ऐंशी मिलिव्होल्टचा फरक असतो, त्यामुळे मेदात विरघळणारे धनभारित रेणू तिथे ओढले जातात. पाण्यात विरघळणारे ऋणभारित रेणू पटलातून आरपार जात नाहीत. पेशी त्यांना गिळते आणि ते लायसोसोममध्ये जाऊन पडतात. टॅलापॉर्फिन हे त्याचे ठळक उदाहरण. मेदात विरघळणारी, भार नसलेली औषधे आतल्या पटलांवर पसरतात. टेमोपॉर्फिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि गॉल्गीत, म्हणजे प्रथिने बनवून पुढे धाडणाऱ्या पटलांत, जास्त सापडते. वेळ गेला की जागाही बदलते. फोटोफ्रिन पेशींवर तासभर ठेवून प्रकाश टाकला तर मार मुख्यतः बाहेरच्या पेशीपटलाला बसतो. चोवीस तास ठेवले तर तेच औषध आतल्या पटलांत पोहोचलेले असते. दोन शोधनिबंधांत एकाच औषधाचे वेगवेगळे परिणाम दिसले की आधी किती तास ठेवले होते ते पाहावे.

अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाची, म्हणजे एएलएची, गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि इथे थोडे थांबण्यासारखे आहे. एएलए स्वतः प्रकाशसंवेदक, म्हणजे प्रकाशाने जागे होणारे औषध, नाही. तो हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) बनवण्याच्या साखळीतला कच्चा माल आहे. निरोगी पेशीत ही साखळी पहिल्याच पायरीवर आवरलेली असते: हीम पुरेसे झाले की एएलए बनवणारे विकर मंदावते. आपण बाहेरून एएलए दिला की तो लगाम निरुपयोगी होतो. पेशीद्रवात दोन-दोन एएलए जोडले जातात, अशा चार जोड्यांतून एक पॉर्फिरिन वलय बनते, म्हणजे एका वलयाला आठ एएलए. शेवटच्या पायऱ्या पुन्हा मायटोकाँड्रियात होतात आणि आतल्या पटलापाशी प्रोटोपॉर्फिरिन-नऊ तयार होते. त्यात लोह बसवून हीम करणारे फेरोकेलाटेज हे विकर अनेक गाठींत कमी पडते, म्हणून प्रोटोपॉर्फिरिन तुंबते. हेच ते प्रकाशसंवेदक. ते बाहेरून आत आलेले नाही. ज्या पटलाला मोडायचे तिथेच पेशीने ते स्वतः बनवले आहे. लोह बांधून ठेवणारे डेफेरॉक्सामीनसारखे औषध दिले की फेरोकेलाटेजला लोह मिळत नाही आणि साठा वाढतो. उलट एबीसीजी-२ हा पटलावरचा पंप प्रोटोपॉर्फिरिन बाहेर फेकतो. ज्या पेशींत हा पंप जोरात आहे तिथे एएलए चांगला शोषला जाऊनही चमक फिकी दिसते.

आता मायटोकाँड्रियातला घटनाक्रम. आतल्या पटलातल्या मेदांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कार्डिओलिपिन असतो. त्याला मेदाम्लांच्या चार साखळ्या, बहुतेक असंतृप्त, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजनला आयता चारा. सायटोक्रोम-सी हे छोटे प्रथिन एरवी कार्डिओलिपिनला चिकटून असते. कार्डिओलिपिनचे ऑक्सिडीकरण झाले की ही पकड सुटते. त्याच वेळी बाहेरच्या पटलात बसलेले बीसीएल-२ हे रक्षक प्रथिन थेट प्रकाशाच्या माऱ्याने खराब होते. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले डेव्हिड केसेल आणि क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या नॅन्सी ओलाइनिक यांच्या कामातून हे स्पष्ट झाले. त्यात महत्त्वाचे हे की मारेकरी बाजूचे बॅक्स हे प्रथिन बचावते. रक्षक गेला, मारेकरी राहिला. बाहेरच्या पटलाला भोके पडतात, सायटोक्रोम-सी पेशीद्रवात येतो, पेशीला आतून कापणारी विकरे, आधी कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३, जागी होतात. मायटोकाँड्रियाचा विद्युतदाब काही मिनिटांत घसरू शकतो, सायटोक्रोम-सी तासाभरात बाहेर दिसू लागतो आणि कॅस्पेजचे काम पुढच्या काही तासांत चालते. केमोथेरपीच्या अनेक औषधांना हा मृत्यू घडवायला आधी डीएनएची मोडतोड आणि मग डीएनएवर पहारा ठेवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाची साखळी लागते. इथे ती सगळी पायपीट वगळली जाते. पी-५३ बिघडलेल्या गाठीतही पीडीटी चालू शकते ती यामुळे.

मात्रा वाढवत नेली तर मृत्यूचा प्रकार बदलतो. फार जोरात मारा झाला की कॅस्पेज विकरेच निकामी होतात, पेशीचे ऊर्जेचे चलन असलेले एटीपी संपते, पेशीपटल गळू लागते आणि पेशी नियोजित मृत्यू पूर्ण न करता फुगून फुटते, म्हणजे नेक्रोसिस. याउलट मात्रा कमी पडली तर पेशी स्वतःला वाचवू पाहते: मोडलेले मायटोकाँड्रिया आणि गुठळ्या झालेली प्रथिने गुंडाळून पचवून टाकते. हे ऑटोफॅजी. प्रकाशमात्रा आडव्या अक्षावर आणि जगलेल्या पेशी उभ्या अक्षावर मांडल्या तर सुरुवातीला आलेख सपाट राहतो आणि नंतर कोसळतो. एटीजी-७ हे ऑटोफॅजीला लागणारे प्रथिन बंद केलेल्या पेशींत तो सपाट भाग जवळपास नाहीसा होतो. म्हणजे गाठीच्या कडेला, जिथे प्रकाश कमी पोहोचतो, तिथल्या पेशी या दुरुस्तीच्या जोरावर वाचतात. आजार परत डोके वर काढतो तो अनेकदा तिथूनच.

एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर घाव बसला की चित्र वेगळे. हायपेरिसिन हे प्रकाशसंवेदक तिथे साठते. प्रकाशानंतर कॅल्शियम आत ओढणारा सर्का-२ हा पंप मोडतो, साठवलेले कॅल्शियम पेशीद्रवात सांडते, नव्या प्रथिनांच्या घड्या बिघडतात आणि पेशी ताणाचा गजर वाजवते. पेशी मरण्याच्या आधीच कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन आतून पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि एटीपी बाहेर टाकले जाते. भक्षक पेशींसाठी ही ‘मला उचला’ अशी सूचना असते. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात पॅट्रिझिया अगोस्टिनिस यांच्या गटाने २०१२ मध्ये हायपेरिसिनवर हे सविस्तर दाखवले. माझ्या मते पीडीटीच्या पुढच्या वाटचालीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे. प्रकाश फक्त दिसणाऱ्या गाठीवर टाकता येतो. प्रतिकारशक्ती ती गाठ ओळखायला शिकली तरच प्रकाश न पडलेल्या पेशींचा प्रश्न हाती घेता येईल. पण प्रत्येक औषध हे करत नाही. रेटिक्युलमवर पुरेसा ताण यावा लागतो.

लायसोसोमचे पटल फुटले की कॅथेप्सिन विकरे बाहेर येतात आणि बिड नावाच्या प्रथिनाला कापतात. कापलेला तुकडा मायटोकाँड्रियावर जाऊन पुढची साखळी सुरू करतो. म्हणजे सुरुवात लायसोसोमपासून झाली तरी शेवट बहुधा मायटोकाँड्रियातच होतो, फक्त उशिरा. यात एक विलक्षण निष्कर्ष केसेल आणि जॉन रीनर्स यांच्या कामातून आला. आधी टॅलापॉर्फिनने लायसोसोमला हलका धक्का दिला, इतका हलका की एकट्याने फारशा पेशी मरू नयेत, आणि त्यानंतर व्हर्टेपॉर्फिनने मायटोकाँड्रियावर मारा केला, तर एकूण परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतो. क्रम उलटा केला की हा फायदा राहत नाही. कारण असे दिसते की लायसोसोममधून सुटलेल्या कॅल्शियममुळे कॅल्पेन हे विकर जागे होते, ते ऑटोफॅजीच्या एटीजी-५ ला कापते आणि तो तुकडा मारेकऱ्यांच्या बाजूने जातो. पेशीचे दुरुस्तीचे हत्यार अशा रीतीने तिच्यावरच उलटते.

लायसोसोमच्याच शेजारचा आणखी एक उपयोग ऑस्लोत क्रिस्टियान बेर्ग यांनी १९९९ मध्ये मांडला. ब्लिओमायसिनसारखी कर्करोगाची औषधे पेशी गिळते खरी, पण ती एंडोसोमच्या पिशवीत अडकून लायसोसोमकडे जातात आणि वाया जातात. प्रकाशसंवेदक त्याच पिशवीच्या पटलात बसवून सौम्य प्रकाश टाकला तर पिशवी फुटते आणि औषध पेशीद्रवात उतरते. इथे मारण्याचे काम प्रकाश करत नाही, दार उघडण्याचे करतो.

पेशीपटलावरचा घाव जपानमध्ये वापरात आलेल्या एका उपचारात उत्तम दिसतो. सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला आयआर-७०० हा रंग जोडून ते मिश्रण डोके-मानेच्या कर्करोगात दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने ही पद्धत २०११ मध्ये मांडली आणि जपानने सप्टेंबर २०२० मध्ये तिला सशर्त मंजुरी दिली. प्रतिपिंड पेशीच्या बाहेरच्या बाजूला ग्राहक प्रथिनावर बसतो. प्रकाश पडला की रंगाच्या रेणूला पाण्यात विरघळवून ठेवणारे दोन्ही बाजूंचे तुकडे गळून पडतात आणि उरलेला रेणू पाणी टाळू लागतो. प्रतिपिंड-रंगाची ही जोडी आकार बदलून गोळा होते आणि पटलावर ताण देते. पाणी आत शिरते, मिनिटांत पेशीवर फुगे येतात आणि ती फुटते. नेहमीच्या पीडीटीपेक्षा यात सिंगलेट ऑक्सिजनवरचे अवलंबन कमी मानले जाते, म्हणून सगळी गणिते तशीच लागू करू नयेत.

केंद्रकाचे काय? बहुतेक पीडीटी औषधे केंद्रकात जात नाहीत आणि त्यांचा सिंगलेट ऑक्सिजन बाहेरून तिथे पोहोचत नाही. म्हणून डीएनएतील बदलांची आणि नव्या कर्करोगाची भीती रेडिओथेरपीच्या मानाने बरीच कमी. याचा विरोधाभास पाहायचा तर आपल्याकडची बावची घ्या. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याची पद्धत जुनी आहे. बावचीतले सोरालेन केंद्रकात शिरून डीएनएच्या पायऱ्यांमध्ये बसते आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात थायमीनशी पक्के बंध जोडते. त्याला ऑक्सिजन लागत नाही. सोरालेन आणि अतिनील प्रकाशाचा उपचार दीर्घकाळ घेतल्यावर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो त्यामुळेच. दोन्हीकडे औषध आणि प्रकाश आहे, पण एक पटलाला मारतो आणि दुसरा डीएनएला. दोघांना एकाच पंक्तीला बसवू नये.

ऑक्सिजनचा मुद्दा दवाखान्यात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांनी १९०० च्या सुमारास अॅक्रिडीन आणि उजेडाने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव मरताना पाहिले आणि त्यांचे गुरू हेरमान फॉन टापाइनर यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले की ऑक्सिजनशिवाय हे घडत नाही. प्रकाश जोरात टाकला की सिंगलेट ऑक्सिजन बनवण्यात ऊतकातला ऑक्सिजन रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने खर्च होतो. मग पुढचा प्रकाश पडत राहतो, मीटरवर जूल वाढत राहतात आणि पेशीत काहीच घडत नाही. म्हणून एकूण मात्रा तीच ठेवून प्रतिचौरस सेंटीमीटर १५० मिलिवॉटऐवजी ५० मिलिवॉटने दिली तर परिणाम बरेचदा जास्त मिळतो, वेळ मात्र तिप्पट लागतो. मात्रा तुकड्यांत देणे हा दुसरा मार्ग. रॉटरडॅमच्या गटाने वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, एएलए लावल्यावर चार तासांनी २० जूल, दोन तास अंधार आणि मग ८० जूल प्रतिचौरस सेंटीमीटर अशी विभागणी वापरली. एकाच वेळी मात्रा देण्यापेक्षा ती सरस ठरली.

यात रक्तवाहिन्यांचाही वाटा आहे. प्रोस्टेटसाठी २०१७ मध्ये युरोपात मंजूर झालेले पॅडेलिपॉर्फिन रक्तवाहिन्यांतच राहते आणि औषध दिल्याबरोबर ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. तिथे वाहिनी बंद पडून गाठ उपाशी मरते. पेशीतल्या भागांची चर्चा त्या औषधाला फारशी लागू होत नाही.

आता प्रयोगशाळेत दाखवायचे कसे. त्वचेच्या कर्करोगाच्या ए-४३१ सारख्या पेशी आणि एएलए घेऊन सांगतो. एएलएचे द्रावण आम्लधर्मी असते. वापराच्या अगदी आधी पीएच ७.४ च्या आसपास आणा, कारण त्या पीएचला ते फार टिकत नाही आणि कालचे द्रावण आज चालत नाही. एक मिलिमोलर एएलए, सीरमविरहित माध्यमात, ३७ अंशांवर चार तास, बशी फॉइलमध्ये गुंडाळून. सीरम का नको? सीरममधले अल्ब्युमिन प्रोटोपॉर्फिरिनला पेशीतून बाहेर ओढते आणि तुम्हाला वाटते की पेशींनी ते बनवलेच नाही. प्रकाशाच्या आधी माध्यम बदला आणि फिनॉल रेड हा रंग नसलेले घ्या. ६३० नॅनोमीटरच्या एलईडीची तीव्रता दिव्याच्या तोंडाशी न मोजता पेशी असतात त्या पातळीवर, बशीचे प्लॅस्टिक मध्ये ठेवून मोजा. प्रतिचौरस सेंटीमीटर १० मिलिवॉट असतील तर १०० सेकंदांत १ जूल, ५०० सेकंदांत ५ जूल. कडेच्या खणांत प्रकाश कमी पडतो, ते मोजून पाहा किंवा वापरू नका. बशीचे तापमानही बघा. दिव्याच्या उष्णतेने मेलेल्या पेशी पीडीटीच्या खात्यात जाऊ नयेत. तुलनेसाठी चार गट लागतातच: काहीच नाही, फक्त औषध, फक्त प्रकाश, दोन्ही.

औषध कुठे आहे हे पाहताना सगळ्यात मोठी फसगत सूक्ष्मदर्शकच करतो. प्रोटोपॉर्फिरिन ४०५ नॅनोमीटरवर उत्तेजित होते आणि ६३५ व ७०५ ला चमकते. तो ४०५ चा लेसर म्हणजेच उपचार. दोन-तीन वेळा फिरवला की पटले फुटतात, औषध जागा सोडते आणि तुम्ही घावानंतरचे चित्र घावाआधीचे म्हणून छापता. लायसोसोममधली काही सल्फोनेटेड पॉर्फिरिने प्रकाशानंतर पेशीद्रवात आणि केंद्रकात सरकतात हे चांगले माहीत आहे. म्हणून लेसर कमीत कमी ठेवा, जागा दुसऱ्या रंगावर शोधा आणि पहिलीच फ्रेम ग्राह्य धरा. सोबतचा खुणेचा रंग हिरवा निवडा, मायटोट्रॅकर ग्रीन किंवा लायसोट्रॅकर ग्रीन. लाल रंगांची चमक प्रोटोपॉर्फिरिनवर चढते. पेशी जिवंत असतानाच पाहा. मिथेनॉल किंवा ट्रायटनने पेशी तयार केल्या की औषध धुऊन जाते.

विद्युतदाब पहिल्या दहा मिनिटांत, सायटोक्रोम-सी अर्ध्या ते एका तासाला, कॅस्पेज-३ एक ते चार तासांत आणि अॅनेक्सिनची चाचणी (मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणाऱ्या प्रथिनाची) त्यानंतर, असे टप्पे ठेवा. फक्त चोवीस तासांनी पाहिले तर सगळे मेलेले दिसते आणि आधी काय मोडले ते कळत नाही. एमटीटी या, रंग बदलून जिवंत पेशी मोजणाऱ्या चाचणीवर एकट्या विसंबू नका. ती मुख्यतः पेशीच्या चयापचयावर चालते, आणि इथे मार मायटोकाँड्रियालाच बसला आहे. जगणार असलेली पेशीही काही काळ मेल्यासारखी मोजली जाते. जगण्याचा खरा हिशेब वाचलेल्या पेशींनी वाढून केलेल्या वसाहती मोजूनच लागतो. सिंगलेट ऑक्सिजन सिद्ध करायला सोडियम अॅझाइड घालण्याची सवय अनेकांना आहे. अॅझाइड सिंगलेट ऑक्सिजन शमवतो हे खरे, पण तो श्वसनसाखळीतले सायटोक्रोम ऑक्सिडेजही बंद करतो, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या प्रयोगात तो स्वतःच गोंधळ घालतो. त्याच्या जोडीला जड पाण्यातली (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यातली) तुलना करावी. जड पाण्यात सिंगलेट ऑक्सिजन कितीतरी जास्त टिकतो, त्यामुळे मोडतोड वाढायला हवी.

दवाखान्यातल्या वेळापत्रकांत हीच गणिते दिसतात. अन्ननलिकेसाठी फोटोफ्रिन शरीराच्या वजनाच्या प्रतिकिलो २ मिलिग्रॅम, ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटर, प्रकाशतंतूच्या प्रतिसेंटीमीटर ३०० जूल. टेमोपॉर्फिन प्रतिकिलो ०.१५ मिलिग्रॅम, चार दिवसांनी ६५२ नॅनोमीटर, प्रतिचौरस सेंटीमीटर अवघे २० जूल, २०० सेकंदांत. हे औषध लाल प्रकाश खूप जास्त शोषते, म्हणून मात्रा एवढी कमी. इथे फोटोफ्रिनची सवय लागलेल्या हाताने प्रकाश वाढवला तर निरोगी ऊतक जाते. त्वचेवर जाड, खपली असलेला व्रण तसाच ठेवून एएलए लावला तर तो खाली उतरत नाही. खपली आधी काढावी लागते. काळसर, मेलॅनिनने भरलेल्या गाठीत प्रकाश वरच अडतो आणि खालच्या पेशी शाबूत राहतात.

रुग्णाला घरी पाठवताना सांगायच्या गोष्टीही औषध कुठे आणि किती दिवस राहते यावरच ठरतात. फोटोफ्रिननंतर निदान तीस दिवस ऊन टाळायचे. नेहमीचे सनस्क्रीन उपयोगाचे नाही, कारण ते अतिनील प्रकाश अडवते आणि औषध दृश्य प्रकाशाने जागे होते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही धोक्याचे. मात्र पूर्ण अंधारात बसवू नका. घरातल्या साध्या उजेडात त्वचेतले औषध हळूहळू विरून जाते, अंधारात ते तसेच राहते. डोळे तपासायचा तेजस्वी दिवा या काळात टाळावा. टेमोपॉर्फिन ज्या हाताच्या शिरेतून दिले त्या हातावर सहा महिने जास्त वेळ थेट ऊन घेऊ नये. आणि भूल देताना बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा लाल दिवा ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो; अशा रुग्णांत त्याने बोट भाजल्याची नोंद आहे, म्हणून तो दर दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या बोटावर हलवावा.